मूळ पणजीची भुवई

घरात तिला सगळे पणजी म्हणत. वय सव्वीस, नोकरी दातांच्या लॅबमध्ये, काम कवळ्या आणि कॅपा बनवण्याचं. "पणजी, गिझर बंद केलास का?" असं तिला सत्तरीला टेकलेले काका विचारत. नव्या पाहुण्याच्या कपाळावर आठी उमटली की आत्या आपल्या कॉलरवरचा ब्रोच काढून त्याच्या हातात देई, सोबत भिंग देई. मग पाहुणा एकदा ब्रोचकडे, एकदा पोरीकडे बघून म्हणे, "हो की, पणजीच आहे."

ब्रोच कोटाच्या बटणाहून थोडा मोठा, लांबट गोल. हस्तिदंताच्या पापडासारख्या पातळ चकतीवर रंगवलेला बाईचा चेहरा, त्यावर काच आणि काचेभोवती बारीक मोत्यांची एक ओळ. ही मूळ पणजी. म्हणजे खरं तर काकांची आणि आत्याची पणजी, पण खापरपणजी वगैरे हिशेब करायला घरात कुणाला वेळ नव्हता. मूळ पणजीचा पोशाख निळा, गळा झाकलेला, डाव्या गालावर तीळ आणि दोन्ही भुवया मधोमध जुळलेल्या, नाकावरून पूल टाकल्यासारख्या. पोरगी जन्मली तेव्हा तिच्या कपाळावर हाच पूल होता. आत्याने पाळण्यात भिंग धरून पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "आली."

घराचा नियम असा, की मूळ पणजीशी ज्याचा चेहरा जुळेल त्याचा ब्रोच, आणि ज्याचा ब्रोच त्याचा शब्द शेवटचा. नियम कुणी केला ते माहीत नव्हतं, कारण ज्याने केला त्याला विचारायची कुणाची हिंमत झाली नव्हती. आत्याच्या डाव्या गालावर तीळ होता. तेवढ्या भांडवलावर तिने चाळीस वर्षं राज्य केलं. पडदे कुठल्या रंगाचे, अंघोळीला आधी कोण, कुत्रा पाळायचा की नाही, सगळं तिचा तीळ ठरवी. पणजीच्या चुलत ताईचं लग्नसुद्धा तिने एका शब्दात ठरवलं होतं. भावोजी बघायला आले, आत्याने त्यांना खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "चालेल." तेव्हापासून भावोजी या घरात राहत होते. पणजीच्या वडिलांचं मात्र चित्राशी काहीच जुळत नव्हतं, कानसुद्धा नाही. त्यांनी लवकरच दुसऱ्या गावी बदली मागून घेतली आणि बायकोला घेऊन गेले. मुलीला नेणार होते, पण आत्या म्हणाली, पणजी इथेच राहील. तिचा शब्द शेवटचा.

मानाची किंमत मोजावी लागतेच. पणजीला जन्मात भुवया कोरता आल्या नाहीत. एकदा कॉलेजात असताना ती पार्लरच्या खुर्चीत जाऊन बसलीसुद्धा होती. पार्लरवालीने दोरा दातात धरला, चेहरा जवळून पाहिला, दोरा खाली ठेवला आणि आत्याला फोन लावला. गाव लहान नव्हतं, आत्या मोठी होती.

पणजीने हे सगळं गिळलं, कारण तिला एक गोष्ट हवी होती. वरच्या मजल्यावरची खोली. तिला उत्तरेकडे दोन खिडक्या होत्या आणि दिवसभर एकसारखा उजेड असे. दाताचा रंग जुळवायला असाच उजेड लागतो. लॅबमधल्या ट्यूबलाइटखाली जुळवलेला दात बाहेर उन्हात गेला की शेजारच्या दातांशी भांडायला लागतो. त्या खोलीत टेबल टाकावं, भट्टी ठेवावी, स्वतःचं काम सुरू करावं, एवढं तिचं स्वप्न होतं. अडचण एकच होती, की खोलीत खुर्च्या होत्या. काका फिरायला जात आणि कुणी रस्त्यावर टाकलेली खुर्ची दिसली की घेऊन येत. एकीला पाय नाही, एकीला पाठ नाही, एकीला फक्त पाठ होती. काका त्यांना मोडक्या म्हणू देत नसत. त्या 'दुरुस्त व्हायच्या' खुर्च्या होत्या. आजवर एकही झाली नव्हती.

"आत्या, खोलीचं तेवढं बघ ना," पणजी म्हणे.

"धाकटा भाऊ आहे माझा. त्याला कशी दुखवू?" आत्या म्हणे. "तुझ्याकडे ब्रोच आला की तू दुखव."

म्हणून पणजी वाट बघत होती. 'काका, खुर्च्या खाली' हे वाक्य तिने आरशासमोर इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात आता आवाज कुठे चढवायचा तेही ठरलं होतं.

आणि एके दिवशी आत्याने जाहीर केलं की येत्या रविवारी ती ब्रोच पणजीला देणार. कारण साधं होतं. तिला आता पिन नीट दिसत नव्हती आणि आदल्या संध्याकाळी तिने स्वतःला सोफ्याच्या कव्हराला टोचून घेतलं होतं. उठायला गेली तेव्हा सोफा थोडा सोबत आला.

"पण एक मोती हलतोय," आत्या म्हणाली. "आधी तो बसवून आण. आणि मूळ पणजी जरा काळवंडल्यासारखी वाटतेय. पुसून द्यायला सांग."

* * *

जुन्या चित्रांचं आणि दागिन्यांचं काम करणारी बाई किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, माडीवर बसत असे. तिच्या दारावर पाटी होती, 'पाणी आत आणू नये.' पणजीची बाटली तिने दारातच काढून घेतली आणि जिन्यात ठेवली.

"हे रंग पाण्यात कालवलेले असतात," बाई म्हणाली. "हस्तिदंतावर नुसते बसलेले असतात, मुरलेले नसतात. एक थेंब पडला की नाक ओठावर येतं." तिने ब्रोच सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि काचेची कड फिरवून फिरवून पाहिली. मग विचारलं, "घरी ओल्या फडक्याने पुसता का हो?"

"आत्या पुसते. दर वाढदिवसाला."

"कुणाच्या?"

"हिच्याच."

बाईने मान हलवली. डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात तशी. "मोती आजच बसवते. बाकीचं उघडून बघावं लागेल. ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी पणजी लॅबमध्ये एका निवृत्त मास्तरांच्या सुळ्याला रंग देत असताना फोन आला.

"एक विचारायचं होतं," बाई म्हणाली. "भुवई ठेवायची की काढायची?"

पणजीचा हात आपोआप कपाळावर गेला. "कुणाची?"

"तुमच्या पणजीची. मधली, जुळलेली. ती रंगवलेली नाही, बुरशी आहे."

मास्तरांच्या सुळ्यावर रंग जरा जास्त लागला.

संध्याकाळी ती माडीवर पोचली तेव्हा बाटली न सांगताच जिन्यात ठेवली. बाईने तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. काच बाजूला काढली होती. चेहऱ्याची डावी बाजू अजून होती तशीच होती आणि उजवी साफ झाली होती. मधला पूल अर्ध्यावर तुटला होता. उरलेल्या अर्ध्यात केसांसारखे काळे बारीक तंतू दिसत होते, अगदी मुळासकट.

"ओल्या फडक्याने काचेच्या कडेतून दमटपणा आत जातो," बाई म्हणाली. "मग बुरशीला जिथे खायला मिळेल तिथे ती उगवते. इथे कपाळावर मिळालं."

"म्हणजे ही भुवई आमच्या घरातच वाढली."

"चाळीसेक वर्षं झाली असतील."

"घराण्याचीच म्हणायची मग."

"त्या अर्थाने, हो."

"आणि तीळ?"

"तो काचेला फुटलेला घाम. जुनी काच घामेजते. आतून एक थेंब सुकून बसला होता, तो गालासमोर आला. काच पुसली, गेला."

पणजीने आणखी वाकून पाहिलं. भुवया वेगळ्या झाल्यावर डोळे एकदम मोठे आणि जरा बिचारे दिसत होते. काजळीखालून वर आलेली हनुवटी मधोमध दबलेली होती. ओठ किंचित उघडे होते, जणू मूळ पणजी काहीतरी बोलायला निघाली होती आणि कुणीतरी मध्येच तोडलं. हा चेहरा तिने पाहिला होता. कुठे, ते आठवेना. मग आठवलं, आणि ती स्टुलावरून उठली.

ते भावोजी होते.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करत. अडकलेल्या माणसांशी ते दाराच्या फटीतून तासतासभर शांतपणे बोलत, आणि त्यांच्या आवाजाने लोक आत रडायचे थांबत, असं ऐकिवात होतं. घरी मात्र नऊ वर्षांत त्यांचं एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं. ते "मला वाटतं" म्हणाले की आत्या म्हणे "पंखा वाढव", आणि "काल काय झालं" म्हणाले की ताई म्हणे "आधी हात धू". अडकलेली माणसं मध्ये बोलत नाहीत, हा फरक होता. शिवाय रक्ताचं नातं म्हणाल तर भावोजींचं या घराशी शेजारच्या मांजराइतकंही नव्हतं.

"भुवई परत रंगवता येईल का?" पणजीने विचारलं. "बारीकशी?"

"येईल की." बाईने ब्रश दाखवला, त्याला मोजून दोन केस असावेत. "साफ तर सगळं करावंच लागेल, नाहीतर उद्या ही डोळे खाईल. पण वरून रंगवून देते. कुणाला कळणार नाही. मालक तुम्ही, तुम्ही सांगाल ते."

पणजीने ब्रशकडे पाहिलं. खोटं खऱ्यासारखं करणं हा तिचा रोजचा धंदा होता. लोकांच्या तोंडात तिने बनवलेले कितीतरी दात आज जेवत होते, आणि एकाही दाताबद्दल तिला वाईट वाटलं नव्हतं. वरच्या खोलीतला उत्तरेचा उजेड तिच्या डोळ्यांसमोर आला. त्या उजेडात टेबल आलं, भट्टी आली. बाईने ब्रश रंगात टेकवलासुद्धा.

"नको," पणजी म्हणाली.

"का हो?"

"दात पडला असेल तर मी दात बसवते. जिथे दात नव्हताच तिथे नाही बसवत. तोंड मिटत नाही मग."

बाईला हे एकदम पटलं. तिने ब्रश पुसून ठेवला. शनिवारी ब्रोच परत देताना तिने सोबत कागदाची एक छोटी पुडी दिली. "यात भुवई आहे. तिळाचं काही उरलं नाही, माफ करा."

* * *

त्या रात्री जेवताना पणजी भावोजींकडे बघत होती. ते म्हणाले, "आज लिफ्टमध्ये एक..."

"मीठ दे इकडे," काका म्हणाले.

भावोजींनी मीठ दिलं. ओठ तसेच किंचित उघडे राहिले. पणजीने मान खाली घातली आणि ताटातलं संपवलं.

रविवारी सगळे मोठ्या टेबलाभोवती बसले. आत्याने चष्मा लावला, भिंग घेतलं, ब्रोच तळहातावर धरला. मोती नुकतेच दात घासून आल्यासारखे चमकत होते. आत्याने आधी गाल पाहिला. मग ब्रोच तिरका करून पाहिला. मग स्वतःच्या गालावर बोट ठेवून, आपला तरी जागेवर आहे ना, हे चाचपून पाहिलं.

"माझा तीळ कुठाय?"

पणजीने सांगितलं. काचेचा घाम, ओलं फडकं, बुरशी, काहीही न वगळता. पुडी टेबलावर ठेवली. कुणी हात लावला नाही.

"म्हणजे चाळीस वर्षं मी..." आत्या म्हणाली आणि थांबली. या घरात तिचं वाक्य अर्धवट राहण्याची ही पहिलीच वेळ. पुडीकडे बघून ती म्हणाली, "मी दरवर्षी नीट पुसत होते गं. मायेने."

"मायेनेच वाढली ती," पणजी म्हणाली. तिने आत्याच्या हातावर हात ठेवला.

"मग आता जुळतंय कुणाशी?" काका म्हणाले आणि त्यांनी भिंग ओढून घेतलं. खोली धोक्याबाहेर गेल्यासारखी वाटून ते खुशीत होते. "बघू. डोळे मोठे. हनुवटीला खळी. तोंड उघडं. अरे, हा तर..."

ते हळूच वळले. मग आत्या वळली. टेबलाच्या टोकाला भावोजी संत्रं सोलत होते. सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळल्यावर त्यांनी एक फोड पुढे केली.

ताईने ब्रोच हिसकावून घेतला, पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, परत ब्रोच पाहिला. "म्हणजे मी नऊ वर्षं पणजीशी संसार केला?" ती अगदी सपाट आवाजात म्हणाली. "आणि कुणी मला बोललं नाही?"

"पण ते आपल्या रक्ताचे कुठे आहेत?" काका म्हणाले.

"नियमात रक्त नाही," आत्या म्हणाली. "नियमात चेहरा आहे. माझा तीळ घामाचा होता, तो चालला. मग जावयाचा चेहरा तर रंगाचा आहे." ती उठली. राज्य सोडतानासुद्धा तिची पाठ ताठ होती. "जावईबापू, उभे राहा. पिन मला दिसत नाही, टोचली तर ओरडू नका."

पिन टोचली. भावोजी ओरडले नाहीत. फिकट शर्टावर मोत्यांचा तो ब्रोच घेऊन ते खाली बसले, आणि मूळ पणजी व ते एकाच चेहऱ्याने सगळ्यांकडे बघू लागले.

पणजीने एक श्वास घेतला. आता गमवायला काही उरलं नव्हतं, म्हणून आवाज कुठे चढवायचा हे विसरून ती साधंच बोलली. "भावोजी, मला वरची खोली हवी आहे. कामासाठी. तिथे काकांच्या खुर्च्या आहेत."

"दुरुस्त व्हायच्या," काका म्हणाले.

भावोजींनी संत्रं खाली ठेवलं. "मला वाटतं," ते म्हणाले, आणि सवयीने थांबले.

कुणीच बोललं नाही. पंखा फिरत होता. भावोजींनी आत्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, कुणीतरी मीठ मागेल म्हणून काकांकडे पाहिलं. पण नियम म्हणजे नियम, सगळे तोंड मिटून बसले होते. भावोजींच्या कपाळावर घाम आला. वाक्याच्या या भागात ते या घरात कधी पोचलेच नव्हते. मग त्यांना बहुधा वाटलं असावं की ही चार माणसं लिफ्टमध्ये अडकली आहेत, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आणि शांत झाला.

"घाबरू नका," ते म्हणाले. "काकांवर अन्याय व्हायला नको. काकांनी एकेका खुर्चीत बसून दाखवावं. जी त्यांना पेलेल ती वर राहील. बाकीच्या खाली येतील. आणि घाई करायची नाही, मी इथेच आहे."

सगळे वर गेले. काकांनी स्वतःच्या हाताने पहिली खुर्ची निवडली, सगळ्यांत धडधाकट, तिला पाय चारही होते. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून ते राजासारखे बसले. खुर्चीने क्षणभर विचार केला. मग चारही पाय चार दिशांना गेले आणि काका जमिनीवर आले, दोन्ही हात मात्र अजून हातांवरच.

"ही होईल दुरुस्त," काका खालूनच म्हणाले.

"होईल," भावोजी म्हणाले. "खाली होईल."

दुसऱ्या खुर्चीची पाळी आली तेव्हा काका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि कंबर चोळत म्हणाले, "पणजी, हिला तू धर, मी हिला धरतो. जिना अरुंद आहे." पुढची संध्याकाळ खुर्च्या उतरवण्यात गेली. फक्त पाठ असलेली खुर्ची आत्याने मागून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही. पुडीही तिनेच उचलून कपाटात ठेवली.

* * *

आठवड्याने पणजी पार्लरमध्ये गेली आणि त्याच खुर्चीत बसली. पार्लरवालीने दोरा दातात धरला, चेहरा जवळून पाहिला, दोरा खाली ठेवला आणि फोन लावला.

"तुमची पोरगी भुवया कोरायला बसलीय," ती म्हणाली. पलीकडचं ऐकलं. मग फोनवर हात ठेवून पणजीला म्हणाली, "तुझी आत्या म्हणते, आता मला विचारू नका, जावयाला देते. हे काय नवीन?"

"ऐका तुम्ही," पणजी म्हणाली.

पार्लरवाली ऐकत राहिली. बराच वेळ. "ते म्हणाले, 'भुवई ज्याची', आणि थांबले," तिने सांगितलं. "फोन कट झाला की काय?"

"नाही. मध्ये बोलू नका. थांबा."

पार्लरवाली थांबली. मग तिची मान हळूच हलली, फोन बंद झाला आणि दोरा परत दातात गेला.

"काय म्हणाले?"

"'त्याची.' डोळे मीट."